न मोजलेली हवा

पावसाळा संपता संपता आमच्या गाडीला एक खोड लागली. सकाळी सुरू केली की आरपीएमचा काटा एका जागी ठरेना. सहाशेवर यायचा, गाडी थरथरायची, आता बंद पडणार असं वाटेपर्यंत काटा अकराशेवर चढायचा आणि पुन्हा खाली यायचा. दहा-पंधरा मिनिटं चालवली, इंजिन तापलं की सगळं शांत. चार सिलिंडरची, चौदाशे सीसीची, पंधरा वर्षं वापरातली पेट्रोल गाडी. दोन गॅरेजमध्ये दाखवली. एकीकडे प्लग बदलले, दुसरीकडे थ्रॉटल बॉडी साफ केली. दोन दिवस बरी चालली आणि मग ये रे माझ्या मागल्या.

तिसऱ्या ठिकाणच्या वयस्कर मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, मला इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि हातात पाना न घेता नुसते कान देऊन उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, मॅनिफोल्ड एअर घेतोय. शीळ ऐकू येते का बघा." मी वाकलो. इंजिनाच्या आवाजाखाली खरंच एक बारीक शीळ होती. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुरसुरते ना, तशी.

गॅरेजमधल्या बोलीतलं हे 'एअर घेणं' नीट समजून घेतलं तर इंजिनाचं निम्मं शास्त्र कळतं. म्हणून इनलेट मॅनिफोल्ड घरच्या घरी कसा उतरवायचा हे सांगण्याआधी तो तिथे कशासाठी असतो हे पाहू.

आपण गाडीत पेट्रोल भरतो, त्याचे पैसे देतो, म्हणून इंजिन पेट्रोलवर चालतं असं म्हणतो. वजनाने पाहिलं तर ते मुख्यतः हवेवर चालतं. एक भाग शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे त्याला अकरा किलो हवा हवी, आणि अकरा किलो हवा म्हणजे जवळजवळ नऊ हजार लिटर. पुण्याहून नाशिकला जाताना चौदा लिटर पेट्रोल जळलं, तर तेवढ्या प्रवासात इंजिनाने सव्वा लाख लिटर हवा ओढलेली असते. सोसायटीत येणारा पाण्याचा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर असे बारा टँकर भरून हवा. ती सगळी एअर फिल्टरमधून, थ्रॉटलमधून आणि मॅनिफोल्डच्या चार नळ्यांमधून वाटली जाऊन चार सिलिंडरांत जाते.

ही हवा मोजावी लागते. किती हवा आत आली हे कळल्याशिवाय किती पेट्रोल फवारायचं हे इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, ठरवता येत नाही. आमच्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्याला लागूनच हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर आहे. तो सांगेल तेवढ्या हवेचा हिशोब धरून पेट्रोल सोडलं जातं. सेन्सरच्या पुढे कुठे फट पडली, तर तिथून आत शिरलेल्या हवेची नोंद कुठेच होत नाही. सिलिंडरात हवा जास्त, पेट्रोल कमी. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर मागाहून ओरडतो की जळून झाल्यावरही ऑक्सिजन उरतोय. मग ईसीयू पेट्रोल वाढवतो, वाढवल्यावर काटा चढतो, चढला म्हणून तो आवरायला जातो. काट्याची ती वरखाली म्हणजे ईसीयूची ओढाताण.

बऱ्याच छोट्या गाड्यांत प्रवाहाऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. तिथे फटीतून आलेल्या हवेने दाब वाढतो, तो सेन्सरला दिसतो आणि पेट्रोलही त्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे अशा गाडीचं आयडलिंग एकदम वर जाऊन बसतं. पण दाबाचा आकडा सरासरीचा, आणि फट एखाद्याच नळीपाशी. त्या एका सिलिंडरला हवा जास्त मिळते आणि तो मिसिंग मारतो. लक्षणं वेगळी, दुखणं तेच.

आता फटीतून हवा बाहेर न जाता आत का येते? आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि खाली पिस्टन हवा ओढत असतात. त्यामुळे मॅनिफोल्डच्या पोटात निर्वात नव्हे, पण बरीच विरळ हवा असते. पुण्यात बाहेरच्या हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल, तर आत तीस-पस्तीस. म्हणजे मॅनिफोल्डच्या दर चौरस सेंटिमीटरवर बाहेरची हवा सहाशे ग्रॅमच्या भाराने रेटत असते. जुने मेकॅनिक हे मोजायला व्हॅक्यूम गेज लावायचे. चांगल्या इंजिनाचा आकडा समुद्रसपाटीला पाऱ्याचे सतरा ते एकवीस इंच येतो आणि दर हजार फूट चढलं की सुमारे एका इंचाने उतरतो. मुंबईत एकोणीस दाखवणारं इंजिन महाबळेश्वरला साडेचौदा दाखवेल. तो इंजिनाचा दोष नव्हे, तिथली हवाच विरळ आहे. हा बारकावा माहीत नसला की घाटावर चढलेल्या धडधाकट गाडीचंही इंजिन उघडलं जातं.

दाबात एवढा फरक असला की फटीत शिरणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते. ती शीळ ऐकू येत होती ती याचीच. दोन मिलिमीटर व्यासाच्या भोकातून अशी सेकंदाला जवळपास अर्धा ग्रॅम हवा आत येते. अर्धा ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण चौदाशे सीसीचं इंजिन आयडलिंगला सेकंदाला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम हवा घेतं. म्हणजे ही चोरहवा पाचव्या हिश्श्याइतकी झाली. तेच इंजिन हमरस्त्यावर सेकंदाला वीस-पंचवीस ग्रॅम घेत असतं, तेव्हा अर्धा ग्रॅम कुठल्या कुठे विरून जातो. सिग्नलला थरथरणारी गाडी एक्सप्रेसवेवर गुळगुळीत का चालते, याचं उत्तर एवढंच आहे.

मॅनिफोल्ड दिसायला साधा. थ्रॉटलच्या मागे एक पोकळ पेटी आणि तिच्यातून फुटलेल्या, सिलिंडर असतील तेवढ्या वाकड्या नळ्या. चार बोटांचा पंजा इंजिनाच्या हेडवर टेकवल्यासारखा. पण या पंज्याचा आकार शंभर वर्षं बदलत आला आहे. कार्बोरेटरच्या काळात पेट्रोल आणि हवा याच नळ्यांतून एकत्र जायचे. नळी गार असली की पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटायचे. म्हणून मॅनिफोल्ड मुद्दाम गरम ठेवत. अ‍ॅम्बॅसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला, एकमेकांना खेटून बसवलेले असत. १९६७ मध्ये बॉशने फोक्सवॅगनसाठी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची यंत्रणा बाजारात आणली. डी-जेट्रॉनिक हे तिचं नाव. त्यातला 'डी' हा दाबासाठीच्या जर्मन शब्दाचा, कारण तिचा सगळा हिशोब मॅनिफोल्डमधल्या दाबावर चालायचा. पेट्रोल थेट वाल्वच्या तोंडाशी फवारलं जाऊ लागलं आणि नळ्यांमधून फक्त हवा उरली. आपल्याकडे हा बदल सर्रास झाला तो २००० सालच्या आसपास, प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर. तेव्हा गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' अशी अक्षरं अभिमानाने मिरवली जात.

फक्त हवाच न्यायची म्हटल्यावर नळ्यांची लांबी मनासारखी ठेवता येऊ लागली. लांबीला एवढं महत्त्व का? वाल्व बंद झाला की धावत आलेली हवा त्यावर आदळते आणि दाबाची एक लाट उलट्या दिशेने निघते. नळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ती परत फिरते. परत आलेली लाट नेमकी वाल्व उघडताना पोचली, तर ती जास्तीची हवा आत ढकलते. ना टर्बो, ना पंखा, नुसत्या लांबीच्या हिशोबावर मिळालेली ताकद. १९६० साली अमेरिकेत क्रायसलरने आपल्या ३००-एफ या गाडीला तीस इंच लांबीच्या नळ्या दिल्या होत्या. त्या एका बाजूच्या सिलिंडरांपासून निघून इंजिन ओलांडून पलीकडे जात. बॉनेट उघडल्यावर त्या नळ्यांखेरीज दुसरं काही दिसत नसे. मला आजही ती यंत्ररचनेतली एक अतिशय देखणी गोष्ट वाटते.

पूर्वी हे मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव असत. आतली पोकळी मिळवायला साच्यात वाळूचा कोअर ठेवावा लागतो. कोल्हापुरात शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. वाळूच्या कोअरमुळे आतला पृष्ठभाग थोडा खरबरीत राहतो. १९९० नंतर नायलॉनचे मॅनिफोल्ड वाढत गेले. नायलॉनमध्ये तीस-पस्तीस टक्के काचेचे तंतू मिसळलेले असतात. आतून गुळगुळीत, वजनाला निम्मे आणि इंजिनाची उष्णता हवेला न देणारे. दोष दोनच. जास्त आवळले तर तडकतात, आणि हेडशी सांधा राखणारं रबरी पॅकिंग वर्षानुवर्षांच्या तापाने कडक होतं. आमच्या गाडीत हेच घडलं असणार, असा अंदाज होता. रबर कडक झालेलं, सकाळी सगळं आकसलेलं, म्हणून फट. इंजिन तापलं की प्लॅस्टिक फुगून ती फट बुजायची.

अंदाजावर मात्र इंजिन खोलायचं नसतं. हजार-बाराशे रुपयांचा स्कॅनर घेऊन तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला. पी-०१७१ असा कोड आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. त्याहून बोलका होता तो फ्युएल ट्रिमचा आकडा. ठरलेल्या हिशोबापेक्षा ईसीयू किती टक्के जास्त पेट्रोल देतोय, हे त्यावरून कळतं. आयडलिंगला अधिक २२, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून अडीच हजार आरपीएमवर धरल्यावर अधिक ४. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर दोषी असता तर वेग वाढवल्यावर आकडा चढला असता. तो उतरला, म्हणजे चोरहवाच.

नेमकी फट शोधायला गॅरेजमध्ये कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात. तो कमालीचा ज्वालाग्राही असतो आणि शेजारी एक्झॉस्ट तापून लाल व्हायच्या बेतात असतो. घरी हे करू नका. फुलझाडांवर मारायची पाण्याची बाटली घ्या आणि वायरिंगची कनेक्टर सांभाळून सांध्यावर बारीक फवारा द्या. पहिल्या, दुसऱ्या नळीपाशी काही झालं नाही. तिसऱ्या नळीच्या खालच्या कडेला पाणी लागलं आणि शीळ थांबली. दोन सेकंद काटा स्थिर. पाणी ओढलं गेलं, शीळ पुन्हा सुरू.

मग नाना पेठेत गेलो. पुण्यात सुट्या भागांसाठी पावलं तिकडेच वळतात. दुकानदारांनी गाडीचं नाव विचारलंच नाही, म्हणाले, "चेसिस नंबर सांगा." बरोबर होतं. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पॅकिंग बदलतं. मॅनिफोल्डच्या चार रबरी रिंगा, थ्रॉटल बॉडीची एक, इंजेक्टरच्या आठ ओ-रिंगा, एक लिटर कूलंट. हे सगळं घरात येईपर्यंत एकही बोल्ट सैल करू नका. रविवारी दुपारी मॅनिफोल्ड खाली आणि पॅकिंग मिळत नाही, अशी वेळ आली की माणूस सिलिकॉनची ट्यूब पिळून काम भागवतो. त्या सिलिकॉनचे आत दबलेले तुकडे सुटून वाल्वकडे जातात, आणि चुकीचं सिलिकॉन वापरलं तर त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरचा जीव घेते. रबरी रिंग असलेल्या सांध्यावर सिलिकॉनला जागाच नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. थेट सिलिंडरात फवारा मारणारी पेट्रोल इंजिनं आणि आजची डिझेल इंजिनं यांच्या इंधनाच्या नळ्यांत शेकडो बारचा दाब असतो. त्यांना घरी हात लावू नये. साध्या एमपीएफआय गाडीत हा दाब तीन-चार बार असतो, आणि तोही आधी उतरवायचा. इंजिन गार असताना पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, गाडी सुरू केली. काही सेकंद चालून ती आपसूक बंद पडली. पुन्हा दोनदा स्टार्टर मारला. नळीतलं पेट्रोल जळून गेलं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. तरीही नळी काढताना खाली फडकं धरलं, कारण पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते. पार्किंग उघड्यावर होतं, आसपास देवघरातला दिवा नव्हता की बिडी ओढणारा वॉचमन नव्हता, हे पाहून घेतलं होतं.

दोन तास गेले ते मॅनिफोल्ड सोडवण्यात नव्हे, त्याच्यापर्यंत पोचण्यात. फिल्टरचा डबा, थ्रॉटलचं कनेक्टर, इंजेक्टरची चार कनेक्टर, मग नळ्या. ब्रेक बूस्टरची जाड नळी मॅनिफोल्डवर असते. आपण ब्रेक दाबतो तेव्हा पायाला मिळणारी मदत याच विरळ हवेची. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ परत आणणारी एक नळी, पेट्रोलच्या टाकीतली वाफ आणणारी दुसरी, बारीक. थ्रॉटल बॉडीला गरम पाण्याच्या दोन. प्रत्येक नळीला आणि तिच्या तोंडाला कागदी चिकटपट्टीवर एकच आकडा लिहून लावला. फोटो काढले ते वेगळे. फोटोत सगळं दिसतं असं वाटतं, पण संध्याकाळी पाहावं तर नेमका हवा तो कोपरा अंधारात असतो. आकड्याची पट्टी दगा देत नाही.

कूलंट पातेल्यात उतरवला. तो चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतो. पार्किंगमधली कुत्री तो चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. सांडलेला थेंबही धुऊन काढला आणि पातेलं झाकून उंचावर ठेवलं.

बोल्टसाठी मदतीला असलेल्या माझ्या मुलीने युक्ती केली. बुटांच्या खोक्याच्या झाकणावर तिने मॅनिफोल्डचं चित्र काढलं आणि जो बोल्ट निघेल तो चित्रात त्याच जागी भोक पाडून खोचला. बोल्ट सारखेच दिसतात, पण त्यांतले दोन बोल्ट पाच मिलिमीटरने लांब होते. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर तो तळाला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो, आणि सांधा मात्र सैलच राहतो. किंवा हेडमधले आटे जातात. अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले की रविवारचं काम महिन्यावर जातं.

दहा नंबरची गोटी, लांब एक्स्टेन्शन. कडेचे बोल्ट आधी, मधले शेवटी, आणि एकेक पूर्ण न काढता सगळे थोडे थोडे सैल करत. सातही निघाले. मॅनिफोल्ड हलेना. मी डावीकडून ओढला, उजवीकडून ओढला, रबर चिकटलं असेल म्हणून हाताच्या तळव्याने ठोकला. अर्धा तास गेला. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटावा असा मोह अनावर झाला होता. मुलीने मोबाइलचा टॉर्च लावून कॅमेरा मॅनिफोल्डच्या खाली घातला, चित्रण केलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. "बाबा, खाली एक पट्टी आहे बघा. तिला अजून बोल्ट आहे." मॅनिफोल्डचं वजन तोलायला इंजिनाच्या ब्लॉकपासून आलेली आधाराची पट्टी. वरून अजिबात दिसत नाही. बहुतेक गाड्यांत अशी पट्टी असते आणि पहिल्यांदा मॅनिफोल्ड उतरवणारा जवळजवळ प्रत्येक जण तिला विसरतो. उचकटलं असतं तर नायलॉन तडकलं असतं. जो भाग हाताने सुटत नाही त्याला कुठेतरी अजून काहीतरी धरून ठेवलेलं असतं, हे मी त्या दिवसापासून पक्कं धरून चाललो आहे.

तो बोल्ट निघाल्यावर मॅनिफोल्ड अलगद हातात आला. अडीच-तीन किलोचा असेल. हेडवर आता चार उघडी तोंडं. या कामातली सर्वांत धोक्याची वेळ हीच. एखादा वॉशर घरंगळत आत गेला आणि तो वाल्व उघडा असला, तर वॉशर पिस्टनच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि हेड खोलावं लागतं. म्हणून मॅनिफोल्ड खाली ठेवण्याआधी चारी तोंडांत स्वच्छ सुती कापडाचे बोळे घातले. पांढरे, मोठे, शेपूट बाहेर राहील असे. मुलीने मोठ्याने मोजले, चार, आणि खोक्याच्या झाकणावर लिहिले.

मग तिसऱ्या नळीची रिंग पाहिली. नवी रिंग बोटांत धरली की गोल, मऊ, थोडी फुगीर. जुनी रिंग खोबणीतून काढली तर ती चौकोनी झालेली, दाबाचा आकार धरून बसलेली. नखाने दाबली तर दबेना. खालच्या अंगाला दीड-दोन सेंटिमीटर भागात ती इतर ठिकाणांसारखी काळी-मंद नव्हती, चकाकत होती. त्या चकाकीवरून आडव्या गेलेल्या धुळीच्या केसासारख्या बारीक रेघा. हवा जिथून शिरत होती तिथे तिने आपल्या पाऊलखुणा ठेवल्या होत्या. पाण्याने शीळ थांबली होती ती नेमकी हीच जागा. एवढ्याशा रबराने तीन गॅरेज हिंडवली होती.

हेडचा पृष्ठभाग साफ करताना घाई नको. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरची चकती चालवली की त्यातली भुकटी उडते, ती तेलात गेली की बेअरिंग घासून टाकते, आणि मऊ अ‍ॅल्युमिनियमवर पडलेला ओरखडा म्हणजे नवी फट. बाद झालेलं एटीएम कार्ड आणि थोडं क्लीनर लावलेलं फडकं पुरतं. मग स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेजचं ०.१ मिलिमीटरचं पान सरकतंय का पाहिलं. सरकलं नाही. सरकलं असतं तर नव्या रिंगेनेही काम झालं नसतं.

मॅनिफोल्डच्या पेटीत तेलाचा पातळ ओला थर होता. पाहून घाबरायचं कारण नाही, इंजिनाच्या पोटातली वाफ याच वाटेने येते. चमचाभर तेल साचलेलं असतं तर मात्र त्या वाफेच्या नळीचा वाल्व तपासला असता. डिझेल गाड्यांचं चित्र याहून वाईट. त्यांत एक्झॉस्टचा काही धूर मुद्दाम परत आत सोडतात. त्यातली काजळी आणि हे तेल मिळून नळ्यांच्या आत डांबरासारखा थर धरतो, आणि अंगठा जाईल एवढी नळी करंगळी जाईल एवढी उरते.

बसवताना नवीन रिंगा खोबणीत नीट दाबल्या. इंजेक्टरच्या ओ-रिंगांना इंजिन ऑइलचं बोट फिरवलं, नाहीतर त्या बसताना चिरतात आणि मग हवेची गळती बंद होऊन पेट्रोलची सुरू होते. बोळे काढले. "एक, दोन, तीन, चार," मुलीने मोजले, झाकणावरच्या आकड्याशी ताडले, तेव्हाच मॅनिफोल्ड टेकवला. सगळे बोल्ट आधी हाताने, बोटांच्या जोरावर. मग मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. या गाडीच्या मॅन्युअलमध्ये नऊ न्यूटन-मीटर दिले आहेत. दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला नऊ किलोचा जोर, एवढाच. मनगटाला हा फार कमी वाटतो, आणि म्हणूनच नायलॉनचे मॅनिफोल्ड गॅरेजमध्ये तडकतात. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, तो मॅन्युअलमधूनच घ्या. आधाराची पट्टी या वेळी आठवणीने लावली.

सुरू करण्याआधी फ्यूज आणि बॅटरी जोडली, किल्ली अर्धी फिरवून पंपाला दाब भरू दिला आणि चारही इंजेक्टरच्या मुळाशी कोरडा कागद लावून पाहिला. कोरडाच राहिला. कूलंट भरला, पाइप दाबून हवेचे बुडबुडे काढले. मग स्टार्टर. पहिलं मिनिटभर काटा अडखळला, ईसीयूला जुन्या सवयी मोडायला थोडा वेळ लागतो. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल दाबून पाहिलं. ते मऊ गेलं, म्हणजे बूस्टरची नळी घट्ट बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू केलं. काटा वर गेला, हळूहळू उतरला आणि ७५० वर थांबला. आयडलिंगचा ट्रिम अधिक २. आठवडाभर रोज कूलंटची टाकी पाहिली. चौथ्या दिवशी पातळी अर्ध्या बोटाने उतरली होती, आत अडकलेली हवा निघाली असणार. तेवढा कूलंट घातला. त्यानंतर ती हललेली नाही. जुनी रिंग तारखेची चिठ्ठी लावून हत्यारांच्या पेटीत ठेवली आहे.